शिलोत्रीच्या मणापासून पीक विम्यापर्यंत



आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची नावे, देणगीदारांची यादी, वर्षभराच्या कार्याचा वृत्तांत आणि समाजाच्या पूर्वेतिहासावरील एखाददुसरा लेख असावा, हा प्रघात पडून गेला आहे. यंदा तो लेख लिहिण्याचे काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही जाणूनबुजून एक रुक्ष वाटणारा विषय निवडला. तो विषय म्हणजे पीक विमा. ‘नाहूरच्या इमारतीत राहणाऱ्या माणसास पीक विम्याशी काय कर्तव्य?’ असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येईल. त्याचे उत्तर प्रथम देणे आवश्यक आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली आगगाडी गेली, ती भांडुप व मुलुंड यांच्या मधल्या आपल्या शिवारातूनच गेली. परंतु नाहूरला स्थानक झाले ते २००३ साली. दीडशे वर्षे गाडी आपल्या दारावरून गेली आणि एकदाही थांबली नाही! तेवढ्या काळात पश्चिमेची भातखाचरे कारखान्यांच्या आवारात गेली, पुढे कारखान्यांच्या जागी उंच इमारती आल्या, आणि पूर्वेकडे खाडीच्या अंगास मिठागरांच्या पांढऱ्या राशी काय त्या जुन्या धंद्याची साक्ष देत राहिल्या. आपला आगरी समाज हा मूळचा भात आणि मीठ पिकविणारा. येथील शेती संपली, म्हणून आपण शेतकरी राहिलो नाही, असे आपणांस वाटू लागले आहे. पण सभासद कुटुंबांपैकी कितीएकांचे नाव पेण, अलिबाग, उरण, पनवेल किंवा भिवंडी या तालुक्यांतील कोणत्या ना कोणत्या सात-बाराच्या उताऱ्यावर आजही आहे. काहींचे स्वतःचे, बहुतेकांचे आजोबांचे. ती जमीन गावी राहिलेला भाऊ, चुलता किंवा मामा कसतो. त्याच्या पिकाचे संरक्षण आपल्या हातांत किती आहे, हे दाखविणे हाच या लेखाचा हेतू आहे. तो इतिहासाच्या वाटेने जाऊन सांगितला, तर अधिक पटेल अशी आम्हांस आशा आहे.

खारेपाटातील जुना ‘हप्ता’

विमा ही कल्पना आपल्याकडे साहेबाने आणली, असा समज आहे. तो सर्वस्वी खरा नाही. पेण-अलिबागच्या खारेपाटात समुद्राचे पाणी बांध घालून अडवावयाचे आणि आतल्या खाजणात भात पिकवावयाचे, हा उद्योग शतकानुशतके चालत आला आहे. कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये ‘शिलोत्री’ या जमीनधारणेचे वर्णन आहे. ज्याने भांडवल घालून बाहेरचा बांध उभारला, तो शिलोत्रीदार. आतील जमीन कसणाऱ्याने सरकारी साऱ्याखेरीज दर बिघ्यामागे एक मण भात शिलोत्रीदारास द्यावयाचे, आणि शिलोत्रीदाराने त्याच्या बदल्यात बाहेरचा बांध सुस्थितीत राखावयाचा, असा तो करार होता.

नीट पाहिले असता हा विम्याचाच प्रकार होय. सर्वांनी दरसाल थोडे थोडे द्यावयाचे. त्यामुळे एखाद्या वर्षी उधाणाने बांध फोडून सर्वस्व बुडविण्याचा जो धोका, तो टळावयाचा. परंतु पुढे काय झाले? कित्येक ठिकाणी मणाची वसुली चालू राहिली आणि बांधाची डागडुजी मात्र मागे पडली. बांधास खांड पडली की खारे पाणी खाचरात शिरावयाचे, आणि एकदा शिरलेल्या खाऱ्या पाण्याने दोनतीन वर्षे जमीन नापीक राहावयाची. १९४८ साली मुंबई सरकारास खार जमिनींसंबंधी निराळा कायदा करावा लागला, त्याचे कारण बांधांची ही हेळसांड हेच होते.

आपल्या वाडवडिलांनी यापासून जो धडा घेतला, तो आजही विसरण्यासारखा नाही. मण दिला म्हणजे काम झाले, असे नव्हे. मणाच्या बदल्यात बांध राखला जातो की नाही, यावर डोळा ठेवावा लागतो. हप्ता भरणे सोपे असते. हप्त्याचा मोबदला मिळविणे हेच खरे काम असते.

पीक किती आणे?

धोका कोणी सोसावयाचा, हा प्रश्न कुळांच्या बाबतीत आणखी तीव्र होता. खंड ठरलेला असे. पीक बुडाले तरी खंडाची मागणी सुटत नसे. म्हणजे निसर्गाचा कोप झाला तर त्याचा सगळा भार कसणाऱ्यावर. या अन्यायाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, तो १९३९ पर्यंत चालला. परिसरातील पंचवीस गावांनी त्यात भाग घेतला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. सहा वर्षे शेते ओसाड राहिली, माणसांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. त्यानंतर आलेला १९३९ चा कूळ कायदा, १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन ही त्या लढ्याची फळे आहेत. आज आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांचे नाव सात-बारावर दिसते, ते या मार्गाने तेथे चढलेले आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

सरकारचा सारा भरणाऱ्या खातेदारांस एक प्रकारची सवलत इंग्रजी अंमलापासून होती. पीक रुपयात किती आणे उतरले, याचा अंदाज अधिकारी बांधत. त्यास आणेवारी म्हणत. पीक चार आण्यांच्या आत उतरले, तर त्या वर्षाचा सारा तहकूब करून मिळावयाचा. परंतु हा अंदाज कोणाच्या डोळ्यांनी बांधावयाचा? १९१८ साली गुजरातेत खेडा जिल्ह्यात महात्मा गांधींनी जो सत्याग्रह केला, त्याच्या मुळाशी हाच वाद होता. अधिकारी म्हणत, पीक चार आण्यांहून अधिक आहे. शेतकरी म्हणत, चार आण्यांहून कमी आहे. शेत तेच, पीक तेच. मोजणारा निराळा, म्हणून उत्तर निराळे! पीक विम्याचा पुढचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो: पीक मोजावयाचे कोणी, कोठे आणि कसे?

विम्याची कल्पना

या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर देण्याचा पहिला भारतीय प्रयत्न म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी केला. १९२० साली त्यांनी शेतीच्या विम्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक शेत तपासण्याऐवजी त्या भागात पाऊस किती पडला ते पाहावे आणि पाऊस ठरलेल्या मानाहून कमी असेल तर सर्वांस भरपाई द्यावी, अशी त्यांची सूचना होती. त्या काळच्या राज्यकर्त्यांनी तिची दखल घेतली नाही. परदेशांत मात्र पावले पडत होती. अमेरिकेत १९३८ साली पीक विम्याचा कायदा झाला. जपानात १९४७ साली शेतीनुकसान भरपाईचा कायदा होऊन गावोगावच्या परस्पर सहाय्यक संघांमार्फत भातशेतीस संरक्षण मिळाले. तेथे गावातील संघच नुकसानीची पाहणी करीत असे, ही गोष्ट आपल्यासारख्या लहान भातशेतकऱ्यांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्राचे अन्न व शेती खाते डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याकडे होते. त्यांनी पीक व गुरे यांच्या विम्याचा विचार करण्याचे आश्वासन दिले, आणि १९४७-४८ मध्ये जी. एस. प्रियोळकर या अधिकाऱ्याने या विषयाचा अभ्यास करून योजना मांडली. एकेका शेतकऱ्याचे नुकसान मोजावयाचे की सारख्या हवामानाच्या संपूर्ण क्षेत्राचे, हाच त्यातील मुख्य मुद्दा होता. त्यांचा कौल क्षेत्राच्या बाजूने पडला. परंतु खर्चाचा भार घेण्यास राज्ये पुढे आली नाहीत, आणि योजना कागदावर राहिली. पुढे १९७० साली नेमलेल्या धर्म नारायण समितीनेही अनुकूल मत दिले नाही.

अशा स्थितीत १९७२-७३ साली गुजरातेत एच-४ या संकरित कापसावर पहिला प्रत्यक्ष प्रयोग झाला. येथे प्रत्येक शेतकऱ्याचे निराळे नुकसान मोजण्याची पद्धत होती. पुढे महाराष्ट्रासह काही राज्यांत आणि इतर पिकांस ती लावण्यात आली. १९७८-७९ पर्यंत हा प्रयोग चालला. त्यात अवघे ३,११० शेतकरी आले. हप्त्यापोटी ४ लाख ५४ हजार रुपये जमले आणि भरपाई ३७ लाख ८८ हजार रुपये द्यावी लागली. एक रुपया घेऊन आठ रुपयांहून अधिक देणारा व्यवहार टिकणे शक्यच नव्हते. शिवाय शेताशेतांत जाऊन मोजणी करण्याचा खर्च निराळाच.

दोन सातारकर आणि एक चौकोन

यानंतरचा अध्याय महाराष्ट्राने लिहिला, याचा आपणांस अभिमान वाटावा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली पीक विम्यावर लेख लिहून असे प्रतिपादन केले की, विमा क्षेत्राचा काढावा, व्यक्तीचा नव्हे. आणि तो पीककर्जाशी जोडावा. एखाद्या क्षेत्राचे सरासरी उत्पन्न ठरावीक पातळीखाली गेले की त्या क्षेत्रातील सर्व विमेदारांस सारख्या प्रमाणात भरपाई मिळावी. यात एकट्याने लबाडी करण्यास वाव राहत नाही, आणि मोजणीही आटोपशीर होते. दांडेकरांस भारतीय पीक विम्याचे जनक म्हणतात, ते यामुळे.

परंतु क्षेत्राची सरासरी काढावयाची तर मोजणी विश्वसनीय हवी. त्याची तयारी आणखी दोन महाराष्ट्रीय शास्त्रज्ञांनी अगोदरच करून ठेवली होती. पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी १९४० नंतरच्या दशकात पीककापणी प्रयोगाची पद्धत बसविली. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे कोणाचाही कल न लागता शेते निवडावयाची, त्या शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखावयाचा, तेवढे पीक कापून, झोडून, वजन करावयाचे, आणि अशा अनेक चौकोनांवरून साऱ्या क्षेत्राचे उत्पन्न काढावयाचे. भातासाठी हा तुकडा बहुधा दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद असतो. अधिकाऱ्याच्या नजरेतील ‘चार आणे’ जाऊन त्या ठिकाणी तराजू आला, हे या पद्धतीचे मोठेपण. सुखात्मे आणि दांडेकर हे दोघेही मूळचे सातारा जिल्ह्यातले.

दांडेकरांच्या सूचनेप्रमाणे १९७९ मध्ये प्रायोगिक योजना सुरू झाली. १९८५ च्या खरिपापासून तिचे रूपांतर सर्वंकष पीक विमा योजनेत झाले. पीककर्ज घेणाऱ्यास विमा सक्तीचा, तृणधान्यास दोन टक्के व कडधान्ये-गळिताच्या धान्यांस एक टक्का हप्ता, आणि विम्याची मर्यादा शेतकऱ्यामागे १०,००० रुपये, असे तिचे स्वरूप होते. १९९९-२००० च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना आली आणि कर्ज न घेणाऱ्यासही दार उघडले. २००७ पासून हवामानावर आधारलेला विमा आला. आज आपल्या कोकणातील आंबा व काजू बागायतदार ज्या फळपीक विम्यात भाग घेतात, तो या जातीचा. त्यात पीक कापून पाहत नाहीत. महसूल मंडळातील हवामान केंद्राने नोंदलेला अवेळी पाऊस, उष्णता वा थंडी यांवरून भरपाई ठरते. शंभर वर्षांपूर्वीची चक्रवर्तींची कल्पना अशा रीतीने अखेर प्रत्यक्षात आली.

अलीकडील फेरबदल

आता गेल्या दहा वर्षांकडे वळू. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना देशभर लागू झाली. शेतकऱ्याचा हिस्सा खरिपास दोन टक्के, रब्बीस दीड टक्का आणि नगदी व बागायती पिकांस पाच टक्के ठरला. उरलेला हप्ता केंद्र व राज्य यांनी भरावयाचा. सरासरी उत्पन्नाखेरीज आणखीही काही नुकसानींस तिच्यात जागा होती. पेरणीच न होणे, हंगामाच्या मध्यास आलेली आपत्ती, गारपिटीसारखी स्थानिक आपत्ती, आणि कापणीनंतर शेतात वाळत घातलेल्या पिकाचे चौदा दिवसांच्या आत होणारे नुकसान, या त्या होत. यांपैकी शेवटच्या दोहोंसाठी ७२ तासांच्या आत कळविण्याची अट होती. २०२० च्या खरिपापासून कर्जदारावरील सक्ती उठली.

महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा स्वतः भरून केवळ एक रुपयात विमा देण्याचे ठरविले. अर्जांची संख्या एकाएकी वाढली. तसेच दुसऱ्याच्या किंवा सरकारी जमिनीवर, आणि न पेरलेल्या पिकावर विमा उतरविल्याचे प्रकारही मोठ्या प्रमाणावर उघडकीस आले. एक रुपयाच्या वस्तूची किंमत कोणी करीत नाही, हेच खरे. परिणामी २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. शेतकऱ्याने पुन्हा दोन, दीड व पाच टक्के भरावयाचे ठरले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वर सांगितलेल्या जादा नुकसानींचे दरवाजे राज्याने बंद केले, आणि भरपाई केवळ पीककापणीवरून निघणाऱ्या उत्पन्नावर ठरेल असे जाहीर केले. शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी या दोन गोष्टी त्याच वेळी आवश्यक झाल्या.

भातशेतकऱ्याच्या दृष्टीने आणखी एक बदल महत्त्वाचा आहे. पाणी तुंबून भात बुडाल्याची भरपाई देशाच्या योजनेतून २०१८ मध्ये काढण्यात आली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की, २०२६ च्या खरिपापासून भात बुडणे आणि रानटी जनावरांनी पीक खाणे, या दोन्हींस स्थानिक आपत्ती म्हणून पुन्हा स्थान मिळेल. मात्र नुकसान ७२ तासांत छायाचित्रासह कळवावे लागेल. खारेपाटात उधाणाची आणि डोंगराकडे रानडुकरांची भीती ज्यांस आहे, त्यांनी आपल्या राज्याच्या त्या हंगामाच्या अधिसूचनेत आपल्या तालुक्यासाठी ही कलमे घेतली आहेत की नाहीत, हे हप्ता भरण्यापूर्वीच पाहून घ्यावे. केंद्राने सांगितले म्हणजे आपल्या गावास लागू झाले, असे गृहीत धरू नये.

एका घरची हकीकत

इतिहास येथवर आला. आता एक घरगुती हकीकत सांगतो. आमच्याच आप्तांपैकी एक कुटुंब आहे. दोघे भाऊ नाहूरला नोकरीत, तिसरा पेण तालुक्यात वडिलोपार्जित सव्वा एकर भातशेती कसतो. वडील वारले त्यास कैक वर्षे झाली. परंतु सात-बारावर नाव त्यांचेच. मुंबईच्या भावांनी कधी हिस्सा मागितला नाही, भाताचे एक पोते दिवाळीस मिळाले की ते तृप्त. भांडण नव्हते, म्हणून वारस नोंद करण्याची कोणास घाई नव्हती. ‘आपले आपसांत काय नोंदवायचे?’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीतच आहे.

२०१९ च्या ऑक्टोबरात पाऊस थांबता थांबेना. कापलेले भात खाचरात पडून होते, त्यास मोड आले. शेजारच्या काहींनी विमा उतरविला होता. त्यांनी निदान अर्ज तरी केला. या भावास विमा उतरविताच आला नव्हता. त्याच्या नावे जमीन नाही, म्हणून सोसायटीचे कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून आपोआप विमा नाही. आणि स्वतः उतरवावयास गेला तर उतारा मृत वडिलांचा. त्याने नाहूरला फोन करून एवढेच म्हटले, “दादा, या साली पोते येणार नाही.” थोरले दादा ते सांगताना आमच्यासमोर गप्प झाले. ते म्हणाले, “आम्ही त्याला पैसे पाठविले. पण त्याचा हक्क आम्हीच अडवून ठेवला होता, हे आम्हांस तोवर कळलेच नव्हते.”

ही हकीकत आम्ही त्यांच्या संमतीने, नावे न घालता दिली आहे. अशी घरे आपल्या यादीत किती असतील, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा. चरीच्या संपात सहा वर्षे उपाशी राहून ज्यांनी कसणाऱ्याचे नाव उताऱ्यावर चढवून घेतले, त्यांचीच आपण नातवंडे. आणि आज कसणाऱ्याचे नाव उताऱ्यावर नाही, ते खोताने अडविले म्हणून नव्हे, तर आपण सुटीच्या दिवशी तलाठ्याकडे गेलो नाही म्हणून!

काय जाणून घ्यावे

आता सभासद कुटुंबांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट उताऱ्याची. सात-बारा हे दोन नमुने एकत्र आहेत. गाव नमुना सात म्हणजे हक्क, आणि बारा म्हणजे पीक. सातवर कसणाऱ्याचे किंवा त्याच्यासह सर्व वारसांचे नाव हवे. वारस नोंद आधी करावी. सामायिक खाते असेल तर मुंबईच्या भावंडांनी गावच्या भावास संमतीपत्र करून द्यावे. जमीन बाहेरच्या माणसास कसावयास दिली असेल, तर तोंडी व्यवहार विम्यास चालत नाही. नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो.

दुसरी गोष्ट पिकाची. २०२१ पासून बाराची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून, शेतात उभे राहून, पिकाच्या छायाचित्रासह करावयाची आहे. तीच ई-पीक पाहणी. विमा भाताचा आणि पाहणीत जमीन पडीक, असे असेल तर पाहणी खरी धरली जाते आणि विमा वाया जातो. गावच्या वडीलधाऱ्यांस हे यंत्र जमत नाही. आपली मुले गणपतीस गावी जातात. आरतीपूर्वी एक तास खाचरावर जाऊन एवढी नोंद त्यांनी करून द्यावी. मुदत अगोदर विचारून ठेवावी.

तिसरी गोष्ट ओळख क्रमांकाची. शेतकरी ओळख क्रमांक आधार व उतारा यांच्या आधारे मिळतो. दोन्हीकडे नावाचे लेखन सारखे असावे. आजोबांच्या नावात एके ठिकाणी ‘पाटील’ आणि दुसऱ्या ठिकाणी नुसते वडिलांचे नाव, असे आपल्याकडे पुष्कळ असते. ते आधी दुरुस्त करून घ्यावे.

चौथी गोष्ट हिशेबाची. ती उदाहरणाने सांगतो. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. समजा, आपल्या महसूल मंडळात गेल्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांचे सरासरी उत्पन्न हेक्टरी २५ क्विंटल आहे. जोखीमस्तर ७० टक्के असेल, तर उंबरठा उत्पन्न साडेसतरा क्विंटल झाले. यंदा पीककापणीत १४ क्विंटल निघाले. तूट साडेतीन क्विंटलची, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के. विमा रक्कम हेक्टरी ६०,००० रुपये असेल, तर भरपाई १२,००० रुपये. आणि त्यासाठी आपण भरलेला हप्ता दोन टक्क्यांनी १,२०० रुपये. परंतु मंडळाचे उत्पन्न १८ क्विंटल निघाले, तर सरासरीहून सात क्विंटल कमी असूनही एक पैसाही मिळणार नाही. आणि मंडळ चांगले पिकले पण आपले एकट्याचे खाचर बुडाले, तर उत्पन्नाच्या मोजणीत त्याचा हिशेब नाही. हे क्रूर वाटते, पण फसवणूक नव्हे. दांडेकरांच्या क्षेत्रपद्धतीचा तो स्वभावच आहे. तो आधी माहीत असला म्हणजे मागाहून मनस्ताप होत नाही.

पाचवी गोष्ट कापणीच्या चौकोनाची. भरपाई ज्या अर्थी पीककापणीवर ठरते, त्या अर्थी तो प्रयोग गावात केव्हा, कोणाच्या शेतात आहे, हे विचारून तेथे हजर राहावे. शेत निवडण्यात ढवळाढवळ करू नये. परंतु चौकोन बरोबर आखला काय, वजन कोणासमोर झाले, हे पाहण्यात काही गैर नाही. २०२३ पासून भाताच्या उत्पन्नाच्या अंदाजात उपग्रहावरून मिळालेल्या माहितीसही केंद्राने किमान ३० टक्के वजन दिले आहे. म्हणजे बांधावर उभा राहणारा डोळा आता आकाशातही आहे. तरी जमिनीवरचा डोळा मिटून चालणार नाही.

सहावी गोष्ट कागदांची. हप्त्याची पावती, अर्जाची प्रत आणि बँक पासबुकाची नक्कल एकत्र ठेवावी. कर्जदारांनी विमा नको असेल तर ते बँकेस मुदतीपूर्वी लेखी कळवावे. हवा असेल तर कोणत्या पिकाचा उतरविला आहे, ते पावतीवर पाहावे. तक्रारीसाठी केंद्र सरकारचा १४४४७ हा क्रमांक आहे. आणि एक रुपयाच्या काळात झाले तसे, नसलेल्या पिकाचा विमा उतरविण्याचा मोह कोणी दाखविला, तर त्यास स्पष्ट नकार द्यावा. त्या लबाडीची किंमत शेवटी खऱ्या शेतकऱ्यांनीच मोजली, हे आपण नुकतेच पाहिले.

शेवटी एवढेच

नियम वरचेवर बदलतात, आणि पुढेही बदलतील. १९८५ चे नियम १९९९ मध्ये राहिले नाहीत, २०२३ चे २०२५ मध्ये राहिले नाहीत. म्हणून यंदाचे नियम पाठ करण्यापेक्षा दर ज्येष्ठात त्या हंगामाची अधिसूचना वाचणे हे अधिक शहाणपणाचे. परंतु शिलोत्रीच्या मणापासून आजवर एक गोष्ट बदललेली नाही: ज्याची नोंद पक्की आणि मोजणीवर ज्याचा डोळा, त्याच्याच पदरात काही पडते.

आमची संस्थेच्या कार्यकारी मंडळास एक नम्र सूचना आहे. दरवर्षी वह्यावाटपाच्या दिवशी सभागृहात एक मेज मांडून, सात-बारा पाहून वारस नोंदीचे अर्ज भरून देण्याची व्यवस्था करावी. तलाठी कार्यालयात काम केलेले आणि बँकेत असलेले बांधव आपल्यात आहेत. ते हे काम आनंदाने करतील. त्यास खर्च नाही, आणि त्याचे पुण्य गावच्या बांधापर्यंत पोहोचेल.

दिवाळीस नाहूरच्या घरी येणारे भाताचे पोते ही केवळ भेट नव्हे. कोणीतरी आपल्या वाट्याचा पाऊस आणि आपल्या वाट्याचे उधाण सोसून ते पाठविलेले असते. त्याच्या नावाची एक ओळ उताऱ्यावर चढविणे, एवढे तरी आपल्याकडून व्हावे. येते वर्ष सर्व ज्ञातिबांधवांस सुखाचे आणि सुपीक जावो, ही प्रार्थना.